डुलणे, थरथरणे, सरकणे : एका शेपटीची चिकित्सा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मराठीच्या शिक्षिकेने बोलावे, तेही रेडिओने उडवल्या जाणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरच्या शेपटीविषयी, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण साहित्याचे. यंत्रांशी माझा संबंध वर्गातल्या पंख्यापुरता. परंतु विज्ञान मंडळाच्या मुलांनी गेल्या काही महिन्यांत लिहिलेली एक वही माझ्या वाचनात आली. तिच्या पुठ्ठ्यावर ‘दोषवही’ असे नाव आहे. ती वाचताना जाणवले की हा विषय माझ्याही शिक्षणाचा आहे. म्हणून आज विज्ञानशिक्षकांच्या अनुमतीने मी तो आपल्यापुढे मांडते आहे.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक हेलिकॉप्टर भेट दिले. विजेवर चालणारे, मुख्य पंख्याचा व्यास सुमारे सत्तर सेंटीमीटर. यंत्र उत्तम होते; पण ते जमिनीपासून हातभर उचलले की त्याची शेपटी जागेवर राहीना. ही शेपटी का हलते, याचा शोध मुलांनी घेतला. त्या शोधाची हकिगत सांगण्याआधी मुळात हेलिकॉप्टरला शेपटीवर पंखा लागतोच कशाला, हे थोडक्यात सांगायला हवे.

फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसावे आणि दोन्ही हात जोराने उजवीकडे फेकावेत. खुर्ची डावीकडे वळते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा घरगुती पुरावा. हेलिकॉप्टरचे इंजिन डोक्यावरचा मोठा पंखा एका दिशेला फिरवते, तेव्हा सगळे धड उलट दिशेला फिरू पाहते. त्याला रोखायचे तर लांब शेपटीच्या टोकाशी आडवा जोर लावणारा छोटा पंखा हवा. आपल्या आकाशातून जाणाऱ्या रशियन बनावटीच्या एमआय-१७ चा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बहुतेक अमेरिकी हेलिकॉप्टरांचा उलट फिरतो. बहुतेक छोट्या प्रतिकृती पहिल्या पद्धतीच्या असतात. आपलीही तशीच आहे. म्हणजे शेपटीचा पंखा थांबला, तर तिचे नाक डावीकडे गरगरत जाणार.

या व्यवस्थेला पर्याय नाहीत असे नव्हे. रशियाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांत एकाच दांड्यावर एकावर एक दोन मोठे पंखे उलटसुलट फिरतात आणि एकमेकांचा पीळ फेडतात. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेले ‘इंजेन्युइटी’ याच जातीचे. त्याला शेपटीचा पंखाच नव्हता. पण जगातली बहुसंख्य हेलिकॉप्टरे एक मोठा आणि एक छोटा पंखा घेऊन उडतात. मॉस्कोत बोरिस युर्येव यांनी १९१२ मध्येच या रचनेचे यंत्र घडवले होते. ती रचना व्यवहारात रुजवली कीव्हमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या इगोर सिकॉर्स्की यांनी. त्यांचे व्हीएस-३०० हे यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजी दोरांनी बांधलेल्या अवस्थेत जमिनीवरून उचलले गेले आणि १३ मे १९४० रोजी मोकळे उडाले. परंतु त्याच्या शेपटीचा प्रश्न सुटायला १९४१ साल संपत आले. मध्यंतरी शेपटीवर एकाऐवजी तीन पंखे बसवून पाहिले गेले. सिकॉर्स्की दुरुस्त्या करीत राहिले, तेव्हा कुठे आज आपण पाहतो ती साधी एका पंख्याची शेपटी सिद्ध झाली. तेव्हा आपल्या मुलांना शेपटीने काही महिने छळले, यात विशेष काही नाही. तिने थोरामोठ्यांनाही छळले आहे.

आता प्रतिकृतीकडे वळू. एवढ्या हलक्या यंत्राला वाऱ्याची झुळूकही वळवते आणि माणसाचा अंगठा तितक्या चपळाईने ते सावरू शकत नाही. म्हणून त्यात जायरो नावाचा एक इवलासा पहारेकरी बसवतात. धड किती वेगाने वळते आहे हे तो सतत मोजतो आणि सर्व्हो या छोट्या मोटरीला हुकूम देतो. सर्व्होची भुजा एक लांब सळी ढकलते, सळी शेपटीवरची सरकती कडी हलवते, कडी पात्यांचा कोन बदलते, आणि वळणे थांबते. पहारेकऱ्याने किती जोराने प्रत्युत्तर द्यायचे, हे ठरवणाऱ्या मात्रेला ‘गेन’ म्हणतात. नव्याने सायकल शिकणारा मूल हँडल जरा जास्तच वळवते, मग उलट बाजूला जास्तच वळवते, आणि सायकल नागमोडी जाते. गेन जास्त झाला की शेपटीचे तसेच होते. तो कमी झाला की शेपटी सुस्त होते. थांब म्हटले तरी थोडी पुढे जाऊन थांबते.

आता वहीकडे येते. पहिल्या पानावर पहिल्या दिवशीची नोंद दोन शब्दांची आहे : ‘शेपटी हलते.’ आमच्या विज्ञानशिक्षकांनी त्याखाली लाल शाईने एकच प्रश्न लिहिला आहे : ‘कशी?’

माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा शब्द तो आहे. कारण त्या ‘कशी?’चे उत्तर शोधताना मुलांनी यंत्राला हात लावण्याआधी आपली भाषा चाचपली. दुसऱ्या पानावर त्यांनी हलण्याचे प्रकार वेगळे केले आहेत. गरगरणे, सरकणे, डुलणे, थरथरणे आणि झटका देणे. मराठी माणसाला यातला भेद समजावून सांगावा लागत नाही. झोका डुलतो, थंडीने ओठ थरथरतात, उतारावर गाडी सरकते. मौज अशी की यंत्रातही या प्रत्येक शब्दामागे वेगळे कारण असते.

शेपटी गरगरते, म्हणजे उचलताक्षणी यंत्र स्वतःभोवती फिरते. अशा वेळी जायरोचा हुकूम उलट दिशेला जातो आहे का, ते पाहावे. जमिनीवरच, मोटरच्या तारा सोडवून, शेपटी हाताने एका बाजूला वळवावी आणि पात्यांचा कोन तिला परत आणणाऱ्या बाजूला जातो की आणखी ढकलणाऱ्या, हे बघावे. शेपटीचा पंखा पट्ट्यावर चालत असेल, तर पट्ट्याला दिलेला पीळ उलटा नाही ना, हेही तपासावे. तसा असेल तर पंखा उलट फिरतो.

शेपटी सरकते, म्हणजे एकाच बाजूला हळूहळू वळत राहते. तेव्हा सर्व्होची भुजा मध्यस्थितीत सळीशी काटकोनात आहे का, सळीची लांबी बरोबर आहे का, हे पाहावे. बॅटरी जोडल्यावर पहिले काही क्षण जायरो स्वतःला स्थिर समजून शून्य ठरवतो. त्या क्षणी यंत्र कोणी हलवले, तर त्याचे शून्यच चुकते.

शेपटी डुलते, म्हणजे संथपणे डावी-उजवी झुलते. तेव्हा संशय सळीच्या मार्गावर घ्यावा. कुठे सांधा ढिला असेल, तर सर्व्होच्या हालचालीचा पहिला भाग त्या ढिलाईतच जिरतो. पाती हललीच नाहीत असे पाहून जायरो आणखी ढकलतो, मग पाती एकदम जास्त हलतात आणि उलट बाजूचा हुकूम सुटतो. सांधा घट्ट होऊन अडकत असेल, तरी फळ तेच. ढिलाई आणि अडकण ही एकमेकांच्या विरुद्ध दुखणी. पण लक्षण एक.

शेपटी थरथरते, म्हणजे फार जलद, बारीक हालते. मग एकतर गेन जास्त आहे किंवा कुठे तरी कंप आहे : वाकलेला दांडा, झिजलेले बेअरिंग किंवा असमतोल पाती. मुलांनी येथे एक हिशेब मांडला आहे. मुख्य पंखा मिनिटाला २७०० फेरे घेतो असे धरले, तर सेकंदाला ४५ होतात. शेपटीचा पंखा त्याच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला १८० फेरे. एक पाते दुसऱ्यापेक्षा किंचित जड असेल, तर सेकंदाला १८० धक्के बसतात. ते डोळ्याला धक्के म्हणून दिसतच नाहीत. शेपटीचे टोक पुसट दिसते. ‘पुसट’ हा शब्द वहीत एका आठवीतल्या मुलीने लिहिला आहे. यापेक्षा अचूक शब्द मला सुचला नसता.

आणि शेपटी अधूनमधून झटका देते, विशेषतः यंत्र जोराने वर उचलताना, तेव्हा पट्टा सैल पडून घसरतो आहे का, दाते झिजले आहेत का, बॅटरी दमली आहे का, हे पाहावे. हवा कोरडी असली की पट्ट्याच्या घर्षणाने स्थिर विद्युत साठते आणि तिची ठिणगी रेडिओच्या संदेशात व्यत्यय आणू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणजे ‘शेपटी हलते’ एवढेच म्हणणाऱ्यापुढे यंत्राचा प्रत्येक भाग संशयित असतो. ‘शेपटी डुलते’ म्हणणाऱ्यापुढे दोन-तीनच उरतात. दोषाला नेमके नाव मिळाले की निम्मे काम होते.

मुलांनी आपल्या शेपटीला नाव दिले : ‘डुलते, आणि टोक पुसट दिसते.’ एका यंत्रात दोन दुखणी होती. पण नाव दिल्यावरही एक सोपा मोह आडवा आलाच. कोणी तरी गेन कमी केला. डुलणे जवळजवळ थांबले. वहीत त्या दिवशी ‘दोष गेला’ अशी आनंदाची नोंद आहे. दोन दिवसांनी त्याखाली दुसरी नोंद आहे : ‘वारा आला की शेपटी वाऱ्याबरोबर जाते. वळवून थांबवली तर थांबत नाही.’ दोष गेला नव्हता. पहारेकरी झोपवला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो उपचार.

मग गेन पूर्ववत करून त्यांनी क्रमाने शोध सुरू केला. नियम दोन ठरले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी काय घडेल असे वाटते ते वहीत लिहायचे. प्रथम सळी सर्व्होपासून सोडवली आणि शेपटीवरची कडी बोटाने सरकवून पाहिली. ती एका जागी किंचित अडत होती. सळीच्या टोकाची प्लॅस्टिकची खोबण तिच्या गोळीवर फार घट्ट बसली होती. ती सैल करून कडी बोटाच्या हलक्या स्पर्शाने सरकू लागल्यावर सळी परत जोडली. डुलणे थांबले, आणि या वेळी गेन पहिल्याइतकाच होता.

थरथर मात्र राहिली. ती गेनमुळे आहे की कंपामुळे, हे कसे ओळखावे? त्यांनी गेन पुन्हा थोडा कमी केला, पण या वेळी उपचार म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. थरथर तितकीच राहिली. म्हणजे गेन निर्दोष. तो लगेच मूळ जागी नेला. मग शिक्षकांनी यंत्र घट्ट बांधले, मुलांना दूर उभे केले, मोठी पाती काढून ठेवली आणि मोटर अगदी कमी वेगात चालवली. टोक पुसटच. मग शेपटीची पातीही काढली. टोक स्वच्छ दिसू लागले! दांडा काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहिला. तो सरळ होता. शेवटी रसायनशाळेच्या तराजूत दोन पाती तोलली. एक किंचित जड निघाले. हलक्या पात्याला चिकटपट्टीचा एक लहानसा तुकडा लावला. एवढेच. त्यानंतर ती शेपटी हवेत अशी स्थिर राहिली, की जणू कोणी धरून ठेवली आहे.

पालकहो, आपल्यापैकी अनेक जण भिलाई इस्पात संयंत्रात कामाला आहात किंवा होता. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या गावाची वस्ती त्या भट्टीभोवती वाढली. विदर्भातून आणि इतर भागांतून आलेल्या मराठी कुटुंबांनी येथे घरे केली. देखभालीच्या कामावर असलेला जुना फिटर पेचकसाचे टोक यंत्रावर आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ‘खरखरते’ की ‘घुमते’ ते ऐकत असे, हे आपण जाणता. आपल्या मुलांनी शेपटीपाशी केले ते याहून वेगळे नाही. हे ज्ञान आपल्या घरात आधीपासून होते. शाळेने फक्त त्याला वही दिली.

आता जे बोलायचे आहे, ते मनात बराच काळ आहे. गेल्या काही वर्षांत प्रवेशाच्या दिवसांत पालक माझ्यासमोर बसतात आणि संकोचाने एकच प्रश्न विचारतात : ‘बाई, मराठीतून शिकून विज्ञान जमेल का?’ काही पालक प्रश्न न विचारताच दाखला घेऊन जातात. छत्तीसगडच्या भूमीवरील मराठी शाळेच्या वर्गांतली बाके कशी रिकामी होतात, हे मी पाहते आहे. त्या पालकांवर माझा रोष नाही. मुलाच्या भवितव्याची काळजी ही खोटी नसते. इंग्रजी आलीच पाहिजे, हिंदी तर आपल्या श्वासात आहे, आणि छत्तीसगढी ही आपल्या शेजाराची माया आहे. पण ‘मराठीतून विज्ञान जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर मी यापुढे तोंडी देणार नाही. ही वही पुढे करीन.

या वहीत जायरो, सर्व्हो, गेन, बॅटरी हे शब्द आहेत. ते कोणी बदलू पाहिले नाहीत, आणि बदलायची गरजही नाही. परंतु विचार त्या शब्दांनी झालेला नाही. विचार झाला तो डुलणे, थरथरणे, सरकणे, अडणे, जिरणे या शब्दांनी. नामे पाहुणी आली, क्रियापदे घरची राहिली. ज्या मुलाला डुलणे आणि थरथरणे यांतला फरक आईच्या बोलण्यातून आधीच मिळाला आहे, त्याच्या हाती यंत्र तपासायचे एक हत्यार जन्मतःच आहे. ते काढून घेऊन त्याला सगळ्यासाठी ‘प्रॉब्लेम’ हा एकच शब्द दिला, तर आपण त्याची निरीक्षणशक्ती वाढवत नाही, बोथट करतो.

सहकाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. वर्गात मूल अस्वस्थ असते, तेव्हा आपणही कधी कधी ‘शेपटी हलते’ एवढीच नोंद करतो. ते डुलते आहे, सरकते आहे की थरथरते आहे, हे विचारले पाहिजे. त्याचा गेन कमी करून, म्हणजे त्याला गप्प बसवून, वर्ग शांत होईल. पण मग वारा आला की ते मूल वाऱ्याबरोबर जाईल. सांधा कुठे अडतो आहे, ते शोधणे हे आपले काम आहे.

विद्यार्थ्यांनो, प्रदर्शन पाहताना दोन गोष्टी पाळा. फिरत्या पात्यांजवळ जाऊ नका. ती लहान दिसली तरी बोट कापतात. दुरुस्ती करताना मोटरच्या तारा आधी सोडवा. उड्डाण फक्त शिक्षकांच्या उपस्थितीत, त्या जागेला लागू असलेले नियम तपासल्यावरच होईल.

दोषवही आजपासून प्रयोगशाळेच्या टेबलावर सर्वांसाठी उघडी आहे. तिच्यात पाच रकाने आहेत : काय दिसले, कसे दिसले, कारण काय वाटते, काय बदलले, आणि खात्री कशी केली. हेलिकॉप्टरपुरती ती ठेवू नका. नळ गळत असेल, घंटा चिरकत असेल, खिडकी अडत असेल, तर तेही लिहा. फक्त कोणत्याही पानावर ‘बिघडले आहे’ एवढेच लिहून थांबू नका. आमचे विज्ञानशिक्षक लाल शाईचे पेन घेऊन बसलेले आहेत आणि त्यांचा प्रश्न तुम्हाला आता ठाऊक आहे.

प्रदर्शन खुले झाले असे मी जाहीर करते.